चाळिशी फक्त डोळ्यांना लागत नाही

वयाची चाळिशी आली की आपल्याकडे पहिली आठवण होते ती चष्म्याची. सुईत दोरा ओवता येईना, पेपर हात लांब करून वाचावा लागला, की घरातलं कुणीतरी हसत म्हणतं, "लागली वाटतं चाळिशी!" गंमत म्हणजे कन्नडमध्येही हाच शब्द आहे. "चाळीसु बंतु" असं आपल्या शेजारपाजारच्या अक्का सहज बोलून जातात. म्हणजे डोळ्यांच्या या वयाला दोन्ही भाषांनी नाव दिलं. त्याच्यावर विनोद झाले. चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढून घ्यायला कुणालाही लाज वाटत नाही.

बाईला मात्र याच सुमाराला आणखी एक चाळिशी लागते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि तिला नावही नाही. पाळीच्या तारखा इकडच्या तिकडे होतात. रात्री दोन वाजता घामानं ब्लाऊज ओला होऊन जाग येते. काल हसून सोडून दिलेल्या गोष्टीवर आज डोळे भरून येतात. दुखणं म्हणावं तर ताप नाही, आणि दुखणं नाही म्हणावं तर अंगात त्राण नाही. मग कुणी म्हणतं पित्त असेल, कुणी म्हणतं उष्णता वाढली, कुणी म्हणतं फार विचार करतेस. बाई स्वतःही तेच मानते आणि पुन्हा कामाला लागते.

मैत्रिणींनो, या वेळच्या सदरात या बिननावाच्या चाळिशीबद्दल बोलायचं आहे. हा विषय 'आपापसात' बोलायचा आहे, पेपरात लिहायचा नाही, असं काहीजणींना वाटेल. पण आपापसात तरी आपण कुठे बोलतो?

शब्दांपासूनच सुरुवात करू, कारण मी भाषा शिकवणारी बाई. पाळीला मराठीत आपण कावळा 'शिवला' म्हणतो. कन्नडमध्ये 'मुट्टु' म्हणतात, आणि 'मुट्टु' म्हणजेही शिवणं, स्पर्श करणं. दोन वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा, पण बाईच्या या चार दिवसांना नाव देताना दोघींनाही विटाळच आठवला. पाळी कायमची थांबते त्याला मराठी ग्रंथात 'रजोनिवृत्ती' म्हणतात, कन्नडमध्ये 'ऋतुबंध'. एकीनं निवृत्ती म्हटलं, दुसरीनं बंद. घरात आपण म्हणतो 'पाळी गेली', 'सुटले एकदाची'. म्हणजे शेवटाला शब्द आहेत. पण शेवट होण्याआधीची जी चार, सहा, कधी आठ वर्षं असतात, त्यांना आपल्या घरच्या बोलीत शब्दच नाही. डॉक्टर त्याला 'पेरिमेनोपॉज' म्हणतात. आपण साधं 'पाळी जाण्याआधीचा काळ' म्हणू.

जपानमध्ये या काळाला 'कोनेन्की' असा शब्द आहे. त्यातल्या अक्षरांचा अर्थ साधारण 'पालटाच्या वर्षांचा काळ' असा होतो. १९८० च्या दशकात मार्गारेट लॉक नावाच्या संशोधक बाईंनी तिथल्या बायकांशी बोलून मोठा अभ्यास केला. अमेरिका-कॅनडातल्या बायकांच्या मानानं जपानी बायका अंग भाजल्यासारखं होण्याची तक्रार कमी करतात आणि खांदे आखडणं, डोकेदुखी यांची जास्त, असं त्यांना दिसलं. शरीर सगळीकडे तेच, पण आहार, कामं, घरातली जागा आणि बोलायची रीत वेगळी. म्हणून कुठल्याशा परदेशी पुस्तकातली लक्षणांची यादी आपल्याला तंतोतंत लागू पडेल असं नाही. आपली यादी आपणच करायला हवी.

आधी शरीरात काय होतं ते थोडक्यात पाहू. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात. पुढे आयुष्यभरात प्रत्यक्ष पिकतात ती जेमतेम चारशे. बाकीची आपोआप जिरून जातात. चाळिशीच्या आसपास हा साठा तळाला येतो. मग मेंदूतली ग्रंथी बीजकोशांना जास्त जोरात हाका मारू लागते. एखाद्या महिन्यात बीजकोश त्या हाकेला नको इतकी ओ देतात आणि इस्ट्रोजेन एकदम वाढतं, तर पुढच्या महिन्यात ओ देतच नाहीत. म्हणजे इस्ट्रोजेन हळूहळू एका रेषेत उतरत नाही, तर खाली-वर होत राहतं. उन्हाळ्यात आपल्या गावातली लाइट जायच्या आधी व्होल्टेज कसं कमी-जास्त होतं, पंखा कधी भणभण फिरतो, कधी रेंगाळतो, तसंच काहीसं. खरा त्रास होतो तो या चढउतारानं.

ज्या महिन्यात बीज पिकत नाही, त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन तयार होत नाही. पिशवीच्या आतलं अस्तर वेळेवर गळून पडावं म्हणून त्याची गरज असते. ते नसलं की अस्तर नुसतं जाड होत राहतं आणि मग एकदम अंगावरून जातं. गाठी पडतात, आठ-आठ, दहा-दहा दिवस थांबत नाही. चाळिशीतल्या पुष्कळ बायकांच्या जास्त रक्तस्रावामागे हे कारण असतं. पुढच्या मजकुरासाठी एवढं लक्षात ठेवा.

या काळाला घड्याळही आहे. पाळीच्या दोन फेऱ्यांमध्ये सात किंवा जास्त दिवसांचा फरक वारंवार पडू लागला, की सुरुवात झाली असं डॉक्टर धरतात. मध्ये साठ दिवस किंवा अधिक पाळी आलीच नाही, की दुसरा टप्पा. तो साधारण एक ते तीन वर्षं चालतो. आणि सलग बारा महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असं मागे वळून पाहून म्हणता येतं. भारतात हे वय सरासरी ४६-४७ आहे. पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. म्हणजे आपल्याकडे हा बदल चाळिशीच्या सुरुवातीला, काहींना अडतीस-एकोणचाळीसला सुरू होतो. पदरात दहावी-बारावीची मुलं, घरात थकलेले सासू-सासरे, नोकरीत वाढलेली जबाबदारी, आणि त्यात हे! चाळिशीच्या आतच पाळी पूर्ण थांबली तर मात्र ते नेहमीचं नव्हे. डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

आता आपली यादी. गेल्या वर्षभरात मी ओळखीच्या बायकांना मुद्दाम विचारत गेले. स्टाफरूममधल्या सहकारी, निपाणीकडच्या पाहुण्या, भाजीवाल्या, चुलत सासूबाई. पहिल्यांदा सगळ्या म्हणाल्या, "मला काही त्रास नाही बाई." चहा संपेपर्यंत मात्र एकेक निघत गेलं. निपाणीत विड्या वळणारी एक मावशी म्हणाली, "कानशिलं तापत्यात, अंगातनं वाफा निघत्यात, सूप मांडीवरनं खाली ठेवून दारात जाऊन हुभी ऱ्हाते." संकेश्वरकडच्या एक अक्का म्हणाल्या, "मैयाग बेंकि हत्तिधंग आगतैति, रात्रि निद्दि हत्तवल्दु." एका प्राध्यापिकेनं सांगितलं, वर्गात शिकवताना नेहमीचा शब्द ओठावर येऊन थांबतो. आपण विसरभोळ्या होतोय, आईसारखं आपल्यालाही काही होणार, अशी तिला धास्ती वाटते. एक वैनी नुसतंच म्हणाल्या, "सिट्टु भाळ बरतैति. आणि नंतर रडू."

या सगळ्या गोष्टी त्या काळाच्याच आहेत. मेंदूत शरीराचं तापमान राखणारं एक केंद्र असतं. इस्ट्रोजेनच्या चढउतारानं ते हळवं होतं आणि जराशा उबेलाही 'फार तापलं' असं समजून रक्तवाहिन्या रुंदावतं, घाम काढतं. ही वाफ सहसा दोन-चार मिनिटांत ओसरते, पण रात्री तीन-चारदा आली की झोपेचे तुकडे होतात. झोप मोडली की विसरणं आलं, चिडचिड आली. छातीत धडधडणं, सांधे आखडणं, लघवीची घाई, योनीमार्गात कोरडेपणा आणि त्यामुळे संबंधांच्या वेळी दुखणं हेही याच यादीतलं. शेवटच्या दोन गोष्टी मला एकीनंही आपणहून सांगितल्या नाहीत. त्यावर साधे, स्वस्त उपाय आहेत, पण सांगितल्याशिवाय मिळणार कसे?

हे न बोलणं कुठे नेऊन पोचवतं ते आता पाहू. नाव नसलेल्या दुखण्यावर आपल्याकडे एक उपाय फार लवकर सुचवला जातो, आणि तो म्हणजे 'पिशवी काढून टाका'.

आपल्या भागात दर हंगामाला बीड, धाराशिवकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. चिकोडी, निपाणी, संकेश्वर भागातल्या फडांत त्यांच्या पाली आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात आणि एक दिवस काम चुकलं की 'खाडा' पडतो, त्याचे पैसे कापले जातात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या या बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न देशभर गाजला. महाराष्ट्र सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. त्यांतल्या कितीतरी तिशी-पस्तिशीच्या. दुखणं मोठं म्हणून नव्हे, तर पाळीचे चार दिवस परवडत नाहीत, अंगावरून पांढरं जातंय, आणि कुणीतरी कॅन्सरची भीती घातली म्हणून. कर्नाटकातही कलबुर्गी भागातल्या लंबाणी तांड्यांवर असंच झाल्याच्या तक्रारी झाल्या होत्या.

ही फक्त मजूर बायकांची गोष्ट आहे असं समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली पहिल्यांदाच याबद्दल प्रश्न विचारला गेला. देशात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांत तिघींहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. त्यांतल्या निम्म्या शस्त्रक्रिया वयाच्या ३४ च्या आत-बाहेर झालेल्या, आणि दोन-तृतीयांश खासगी दवाखान्यांत. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना आदेश दिला, की केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा. अनावश्यक शस्त्रक्रिया टाळाव्यात, आधी इतर उपाय व्हावेत, जिल्हा आणि राज्य पातळीवर देखरेख समित्या असाव्यात, असा त्यांचा रोख आहे.

माझ्या स्वतःच्या नात्यात बेचाळिसाव्या वर्षी एका वैनींची पिशवी आणि दोन्ही बीजकोश काढले. तक्रार होती जास्त रक्त जाण्याची. सोनोग्राफी एकच, गोळ्या दीड महिना, आणि मग तारीख. कुठल्या दवाखान्यात ते महत्त्वाचं नाही. बीजकोश काढले की शरीर सहा वर्षांचा उतार एका रात्रीत उतरतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वाफा, झोप जाणं, सांध्यांचा त्रास हे सगळं तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून. हाडं आणि हृदय यांना इस्ट्रोजेनचा जो आधार असतो तोही लवकर जातो. नुसती पिशवी काढून बीजकोश ठेवले तरी रजोनिवृत्ती थोडी अलीकडे येऊ शकते.

गैरसमज नको. पिशवी काढावीच लागते अशी कारणं आहेत. कर्करोग, खूप मोठ्या गाठी, इतर उपायांना दाद न देणारा रक्तस्राव, पिशवी पुष्कळ खाली उतरणं. अशा वेळी शस्त्रक्रिया जीव वाचवते. पण लग्नाचा बस्ता बांधायचा तर आपण बेळगावच्या खडेबाजारात तीन दुकानं फिरतो, मनासारखं नाही मिळालं तर कोल्हापूर गाठतो. मग शरीराचा अवयव काढायचा निर्णय पहिल्याच दुकानात का? आपण सीमेवरची माणसं या बाबतीत खरं तर भाग्यवान आहोत. बेळगावात १९६३ पासून जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आहे, बिम्सचं जिल्हा रुग्णालय आहे. निपाणीकरांना कोल्हापूरचं सीपीआर जवळ पडतं, रायबाग-कुडचीकडच्यांना मिरज. दुसरा सल्ला घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे. चांगले डॉक्टर रागवत नाहीत.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न चारच. रक्तस्रावाचं कारण नक्की काय? अस्तराचा तुकडा तपासायला हवा का? शस्त्रक्रियेआधी कुठले औषधोपचार करता येतील? आणि शस्त्रक्रिया करायचीच तर बीजकोश ठेवणार की काढणार? रक्त कमी करणाऱ्या गोळ्या असतात, हार्मोनच्या गोळ्या असतात, तांबीसारखं पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन असतं, ते पाच वर्षं आणि त्याहूनही अधिक काम देतं. पुष्कळ जणींची शस्त्रक्रिया यानं टळते. जोडीला हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं. २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी होतं. थकवा पाळीच्या वयाचा की रक्त कमी असल्याचा, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

आणि काही गोष्टींत मात्र 'वयानं होतंय' म्हणून थांबू नये. बारा महिने पाळी बंद राहून पुन्हा डाग जरी दिसला तरी लगेच जावं. तासातासाला पॅड किंवा कापड बदलावं लागत असेल, दोन पाळ्यांच्या मध्येच किंवा संबंधांनंतर रक्त जात असेल, स्तनात गाठ लागत असेल, तर त्याच आठवड्यात. मन इतकं खचलं असेल की जगणं नकोसं वाटतंय, तर त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगावं आणि डॉक्टरांकडे जावं. आणखी एक गोष्ट, थोडी नाजूक. पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही. ज्यांचं ऑपरेशन झालेलं नाही त्यांनी पन्नाशीच्या आत पाळी थांबल्यावर दोन वर्षं, पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यावी.

हार्मोनच्या उपचारांबद्दल पुष्कळ भीती आहे. २००२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला, कारण स्तनांचा कर्करोग आणि रक्तवाहिन्यांचे आजार वाढलेले दिसले. ती बातमी जगभर गेली आणि डॉक्टर-पेशंट दोघंही घाबरले. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पुढच्या वर्षांत आकडे वयानुसार पुन्हा पाहिले गेले. साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, ज्यांना फार त्रास आहे आणि ज्यांना कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचे आजार नाहीत, अशांना फायदा बहुधा जास्त असतो, हे आता मान्य झालं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनीही या औषधांवरचा जुना मोठा इशारा काढत असल्याचं जाहीर केलं. याचा अर्थ मेडिकलमधून स्वतःच आणून घ्याव्यात असा नाही. 'घेऊ का?' हे आपल्या डॉक्टरांना विचारायला हरकत नाही, एवढाच.

आता घरच्या घरी काय करायचं ते. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता वीस टक्क्यांपर्यंत उतरू शकते. म्हणून हाडांची ठेव या काळाच्या आधीपासूनच जमवायची. रोजचं कॅल्शियम हजार मिलीग्रॅम, पाळी गेल्यावर बाराशे. यासाठी महागडे डबे लागत नाहीत. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलीग्रॅम असतं, एक पेला दुधात सव्वादोनशे-अडीचशे. आपल्या सासवांनी आंबील, मुद्दे, नाचणीची भाकरी सोडली नव्हती. आपण सोडली. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी तुम्ही करता, आम्ही सज्जि रोट्टि करतो, ती वर्षातून एकदाच का? शेंगदाण्याची चटणी तर ताटात असतेच, जोडीला जवसाची, म्हणजे आपली अगसि हिंडी ठेवा. जवसात इस्ट्रोजेनसारखे किंचित गुण असणारे घटक आहेत. त्यानं वाफा थांबतील असं सांगणार नाही, पण हृदयाला आणि पोटाला ती चांगलीच. हुलग्याचं माडगं, उसळ, डाळ, अंडी, ताक यांतून प्रथिनं मिळतात. सगळ्यांना वाढून उरलेली आमटी खाणाऱ्या बाईच्या वाट्याला नेमकी तीच कमी येतात.

दुसरं, स्नायू. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरणाऱ्या बायका आता पुष्कळ दिसतात, आनंद वाटतो. पण नुसतं चालणं पुरत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम हवा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर काढणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं, एवढं स्वयंपाकघरातही होतं. "दिवसभर घरात राबतेच की" असं म्हणू नका. राबण्यानं थकवा येतो, हाडांना हवा तसा ताण मिळतोच असं नाही.

झोपेसाठी संध्याकाळी सहानंतरचा चहा बंद, रात्रीचं जेवण थोडं लवकर, सुती कपडे, उशाशी पाण्याचा तांब्या. मिरचीच्या जाळानं वाफ येत असेल तर ताटातला ठेचा थोडे दिवस बाजूला. आणि मशेरी! तंबाखूच्या गावात हे सांगणं अवघड आहे, पण सांगते. धूम्रपान करणाऱ्या बायकांची पाळी एक-दोन वर्षं लवकर जाते, हे सिद्ध झालेलं आहे. मशेरीचा धूर होत नसला तरी ती तंबाखूच आहे, आणि तोंडाच्या कर्करोगाचं मोठं कारण आहे. चाळिशी हे ती सोडायचं चांगलं निमित्त.

निपाणीचा विषय निघालाच आहे तर एक आठवण देते. इथल्या तंबाखूच्या वखारींतल्या बायकांनी १९८० च्या सुमारास मजुरीसाठी आणि मानानं वागवलं जावं म्हणून लढा दिला. त्यावर युगांतर या चित्रपटगटानं १९८२ मध्ये 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. मालकासमोर उभं राहून बोलणाऱ्या बायका आपल्याच गावच्या होत्या. त्यांच्या लेकी-सुना आज चाळिशीत आहेत. मजुरीबद्दल जे धाडस आयांनी केलं, त्याच्या पावपट धाडस डॉक्टरांसमोर आणि घरात बोलायला पुरेल.

सरकारी पातळीवरही हालचाल आहे. कर्नाटक सरकारनं २०२५ मध्ये पाळीसाठी महिन्याला एक दिवस पगारी रजेचं धोरण आणलं, वयोमर्यादा १८ ते ५२. त्याला न्यायालयात आव्हानही दिलं गेलं. मला त्यातलं ५२ हे वय महत्त्वाचं वाटतं. पाळी म्हणजे फक्त कॉलेजच्या मुलींचा प्रश्न, ही समजूत त्यानं थोडी हलली. पण घरी बसून हजारावर मजुरी घेणाऱ्या विडी कामगार बाईची रजा कोण मांडणार? तिनं हात थांबवला की विड्या कमी, विड्या कमी की पैसे कमी. तिच्यासाठी घरातल्या माणसांनाच रजा द्यावी लागेल.

म्हणून पुरुष वाचकांनो, हे पान उलटू नका. बायको कारणाशिवाय चिडली असं वाटलं, तर "तुला काय झालंय?" असा आवाज चढवण्याआधी "रात्री झोप लागली का?" एवढं विचारा. रात्री ती खिडकी उघडते, पंखा वाढवते, तेव्हा पांघरूण आपण जादा घ्यावं. डॉक्टरांकडे तिच्यासोबत जा, पण आत तिला बोलू द्या. सासूबाईंना एक विनंती, "आम्हाला कुठं असलं काय झालं" असं म्हणू नका. तुम्हालाही झालं असणार, तुम्हाला कुणी विचारलं नाही एवढंच. सुनेला तुमची गोष्ट सांगा. आईची पाळी ज्या वयात गेली त्याच्या आसपास पुष्कळदा लेकीचीही जाते, म्हणून हे वय मुलींना माहीत असायला हवं. आणि मुलींनो, तुमच्या पहिल्या पाळीला आईनं तुम्हाला जवळ घेऊन समजावलं होतं. आता तिची शेवटची पाळी जवळ आलीय, तिच्याजवळ बसा.

शेवटी एकच काम सांगते. आपल्या घरात भिंतीवर कालनिर्णय असतं, मराठी किंवा कन्नड. त्यावर दुधाचा खाडा, गॅसचा नंबर, भिशीची तारीख आपण न चुकता लिहितो. उद्यापासून त्याच चौकटीत आणखी एक खूण करा. पाळी आली तो दिवस, थांबली तो दिवस, जास्त गेलं असेल तर दोन खुणा, झोप लागली नसेल तर एक टिंब. सहा महिन्यांनी ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा. "काहीतरी होतंय" असं सांगण्यापेक्षा त्या खुणांवरून डॉक्टरांना पुष्कळ जास्त कळेल, आणि आपल्यालाही. घरातल्या कुणी विचारलं ही खूण कसली, तर न लाजता सांगा. मराठीत सांगा नाहीतर कन्नडमध्ये, पण सांगा.